जुजुराणाच्या हाकेसाठी

आमच्या घरात हळू बोलायची पद्धत नाही. खाली लूमचा कारखाना आणि वरच्या मजल्यावर आम्ही, असा भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीतला आमचा संसार. मीठ मागायचं तरी ओरडून आणि जावयाची ख्यालीखुशाली विचारायची तीही ओरडूनच. नवीन पाहुण्यांना वाटतं, नवरा-बायकोचं जुंपलंय, आपण उगाच आलो. कारखान्यात मात्र ओरडूनही उपयोग नसतो. तिथल्या खटाखटीत कारागीर आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि उरलेलं हातांनी भागवतात. दोन बोटं मोडल्यासारखी केली की तार तुटली, तळहात खाली दाबला की लूम बंद. लग्न होऊन आल्यावर पहिली काही वर्षं मी सुताच्या कांड्या भरायला खाली बसायची, तेव्हा ही भाषा मीही शिकले. सासूबाई समोर असताना नवऱ्याशी काय वाटेल ते बोलता येतं, हा तिचा मोठा फायदा.

तर अशा घरातली आम्ही दोघं, एका पक्ष्याचा आवाज ऐकायला थेट हिमाचलात जाऊन आलो. परतल्यापासून महिला मंडळात जी ती विचारते, "वाघ दिसला का?" तिथे वाघ नाहीच म्हटलं, की लगेच पुढचा प्रश्न, "मग एवढ्या लांब गेल्या कशाला?" प्रत्येकीला पहिल्यापासून सांगून माझा घसा बसायची वेळ आली, म्हणून हे लिहून काढते.

गेल्या दिवाळीनंतर यांचे कान ठाण्याला दाखवले. डॉक्टरांनी कागदावरची एक घसरत गेलेली रेघ दाखवली. बारीक, उंच आवाज गेले आहेत, ते आता यायचे नाहीत. जाड आवाज थोडे शिल्लक आहेत, तेही हळूहळू जातील. कानाचं मशीन घेतलं, पण ते लावलं की पंखा विमानासारखा ऐकू यायचा आणि माणसाचं बोलणं होतं तसंच गुळमुळीत राहायचं. चार दिवसांत ते कपाटात गेलं. हे काही बोलले नाहीत, आणि तेच वाईट होतं. मोठमोठ्याने बोलणारा माणूस गप्प झाला की घर खायला उठतं. नातू मांडीवर बसून काहीबाही सांगायचा, हे हसून मान डोलवायचे, आणि भलत्याच जागी हसलेले बघून पोर हिरमुसून उतरून जायचं.

अंजूरला माझ्या भावाच्या शेतावर आता गोदाम उभं आहे. तिथे माल घेऊन येणारा एक ट्रकड्रायव्हर कुल्लूकडचा. एकदा हे भावाकडे गेले असताना ओट्यावर चहा पिता पिता त्याने आपल्या जंगलातल्या एका पक्ष्याची गोष्ट सांगितली. "जुजुराणा बोलते हैं उसको. दिखता किसी को नहीं, पर सवेरे बोलता है तो इस पहाड़ से उस पहाड़ तक सुनाई दे. बकरे जैसी मोटी आवाज." सगळ्या पक्ष्यांनी एकेक पीस दिलं आणि त्यांतून देवाने हा घडवला, असंही तो म्हणाला. यांनी त्याच्या ओठांवरून त्यातले दोनच शब्द उचलले, मोटी आवाज.

घरी आले ते तसेच स्वयंपाकघरात. "पाखरांचा आवाज गेला माजा. पन ह्यो जाडा हाय. ह्यो येल मना आयकू. जायच्या आधी एकदा आयकून घेतो."

मला आधी भलतंच वाटलं. "अवो, काय अभद्र बोलता?"

"कान जायच्या आधी गो!" म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी खदखदून हसले. मी तेव्हाच मनात ठरवलं, की हा माणूस म्हणेल तिथे जायचं. मे महिन्यात कारागीर मुलखाला, आपापल्या गावी जातात, निम्मे लूम तसेही बंद असतात. पक्षीही नेमका त्याच दिवसांत बोलतो. सगळं जुळून आलं.

गुशैणी

दिल्लीपर्यंतची गाडी आणि पुढची बस यांत सांगण्यासारखं एवढंच, की माझी कंबर धरली. औटजवळ मोठा रस्ता सोडून तीर्थन नदीच्या काठाने आत आत गेलं, की गाडीरस्ता जिथे संपत येतो तिथे गुशैणी. पुढचे डोंगर नॅशनल पार्कचे. तिथे जायचं ते पायी.

ड्रायव्हरचा मेव्हणा हेमराज आमचा वाटाड्या. चाळिशीचा, बुटका, डोक्यावर गोल टोपी. त्याचं बोलणं इतकं हळू, की मलाही दर वाक्याला "काय?" म्हणावं लागे. यांच्या दृष्टीने तो नुसता दिसणारा माणूस होता. आणि यांनी तोंड उघडलं की हेमराज दोन पावलं मागे सरकायचा. या दोघांना आठवडाभर एकत्र ठेवायचं, या विचाराने मला हसू येत होतं आणि धडकीही भरत होती.

त्याच्या बायकोने आम्हाला सिड्डू खायला घातले. गव्हाच्या आंबवलेल्या पिठात अक्रोडाचं सारण भरून वाफवायचं आणि वरून तूप ओतायचं. उकडीच्या मोदकाचा हा पैलवान भाऊ. मोदक गोड, हा तिखटमिठाचा. एक खाल्ला की पोट भरतं, आणि ती माउली तिसरा वाढायला उभी. आग्रह करण्यात मात्र तिथल्या बायका आणि आपण अगदी एका आईच्या लेकी.

जेवण झालं आणि हे कुठे दिसेनात. बघते तर पडवीत, हेमराजच्या बायकोच्या हातमागासमोर बसलेले. या भागात घरोघर असा लाकडी माग असतो, थंडीत बायका त्यावर लोकरीची पट्टी, म्हणजे कोटाचं जाड कापड, आणि शाली विणतात. तिने माग चालवून दाखवला. धोटा इकडून तिकडे जाताना सुळ्ळकन आवाज होई, फणी ठोकताना टक्. बस्. यांनी मागाच्या लाकडाला कान लावला, मग हात लावला.

"ह्याचा आवाज कुठं हाय?" त्यांनी मला विचारलं.

"एवढाच हाय," मी म्हटलं.

त्यांनी धोट्यावरून बोट फिरवलं. "इतका गप लूम आपल्याकडं असता तर..." एवढं म्हणून थांबले. मला गलबलून आलं. या माणसाने वयाच्या सोळाव्या वर्षापासून कापड काढलं, दोन पोरींची लग्नं केली, भावाला शिकवलं, आणि त्या सगळ्याची किंमत कानांनी दिली. पण ते दुःखाला फार वेळ बसू देत नाहीत. तेवढ्यात एक तार तुटली, ती यांनी चुटकीसरशी जोडून दिली, आणि हेमराजची बायको तोंडावर पदर घेऊन हसली. पुरुषाने मागाला हात लावलेला तिने पहिल्यांदाच बघितला असावा.

झोपेची मला काळजी होती. लूमच्या घरातली माणसं आवाजाने जागी होत नाहीत, आवाज थांबला की होतात. लाइट गेली की आमची सगळी गल्ली उठून बसते. यांना आवाज येत नसला तरी खालची जमीन थरथरायची थांबते, ते कळतं. पण हेमराजचं घर नदीला लागून. यांनी भिंतीच्या फळीवर तळहात टेकला, "चालू हाय," म्हणाले, आणि घोरायला लागले.

रोला

दुसऱ्या दिवशी नदीच्या काठाने चालायला लागलो. पहिल्या टप्प्याला गावं आहेत, दगड-लाकडाची उंच घरं, सफरचंदाच्या बागा, गव्हाची एवढीएवढी वावरं. मग पार्कची कमान लागते आणि माणसाची वस्ती संपते. पुढे फक्त झाडं. देवदार, अक्रोड आणि पांढऱ्या फुलांचे तुरे लागलेलं खनोर नावाचं एक भलं मोठं झाड. आपल्याकडे तानसाच्या किंवा वाड्याच्या रानात मे महिन्यात पाचोळा आणि धूळ. इथे मे महिना म्हणजे नवी पालवी. दगडादगडावर शेवाळ, आणि त्या शेवाळातही बारीक फुलं. पाण्यातल्या दगडांवर एक तपकिरी पक्षी उभ्याउभ्या उठाबशा काढत होता, आणि मध्येच सरळ त्या बर्फगार धारेत बुडी मारून पलीकडे निघत होता. हे त्याच्यासमोर बसले ते उठेनात.

नदीचा आवाज मात्र असा, की हेमराज माझ्या कानाशी येऊन बोलला तरी ऐकू येईना. आम्हा दोघांना काही अडचण नव्हती. हे पुढे, मी मागे, मध्ये ओढा. हे वळून ओठ हलवत, मी हातांनी उत्तर देई. "दगड हलतो." "बघितला." "पाय दुखतो का?" "तुमाला काय करायचाय?" हेमराजला वाटलं, आमचा अबोला झालाय आणि आम्ही एकमेकांना वेडावून दाखवतोय. दुपारी त्याने मला हळूच विचारलं, "माताजी, बाबूजी नाराज हैं?"

खरी पंचाईत नदी लांब गेल्यावर झाली. एका उभ्या कड्यावर घोरल चरत होते. घोरल म्हणजे बकरीएवढं राखी रंगाचं जंगली जनावर. माणूस जिथे पाय ठेवायला धजणार नाही तिथे ते निवांत उभं असतं. हेमराजने ओठांवर बोट ठेवून वर दाखवलं. यांनी आपल्या मते कुजबुजत विचारलं, "कुठं हाय?"

यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे कुजबुज किती मोठी झाली याचा अंदाज नाही. ती बहुतेक पार खाली बंजार गावच्या बाजारापर्यंत गेली. घोरल गेले, वरून दोन दगड घरंगळत आले, आणि झाडावरची वानरंही पलीकडे गेली. हेमराजने टोपी काढून डोकं खाजवलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "माताजी, बुरा मत मानना. जुजुराणा बहुत डरपोक है. बाबूजी ऐसे बोलेंगे तो वो मुँह नहीं खोलेगा."

एवढा प्रवास करून आणलेला माणूस, आणि त्याच्याच आवाजाने पक्षी गप्प बसायचा! हे त्यांना सांगायचं कसं?

ते सांगायची वेळ त्याच दिवशी आली. पुढे एका वळणावर, डोंगरातून धार पडते तिथे, दगडावर कुणीतरी फुलं ठेवली होती. हेमराजनेही दोन फुलं ठेवली आणि हात जोडले. इथे जोगणी राहते म्हणाला. जोगणी म्हणजे उंच रानातली देवी. तिला गडबड चालत नाही, तिच्या हद्दीत ओरडायचं नाही, शीळ घालायची नाही. मला नवल वाटलं. आपल्याकडे देवाला ढोल-ताशा हवा, साध्या हळदीलासुद्धा बेंजोवाले येईपर्यंत नवरा पाटावर बसत नाही. मी तसं म्हटल्यावर हेमराज म्हणाला, "बाजा हमारे देवता को भी चाहिए माताजी, खूब चाहिए. पर जोगणी को चुप चाहिए."

मी यांच्यासमोर उभी राहिले आणि आवाज न काढता, कारखान्यातल्यासारखं, सगळं सांगितलं. इथे देवी आहे, तिला शांतता लागते, पक्ष्यालाही लागते. इथून पुढे गळ्यातून आवाज काढायचा नाही. ओठांनी बोला. त्यांनी डोळे बारीक करून शेवटपर्यंत वाचलं. मग तसंच, आवाज न काढता विचारलं, "मगाशी जनावरा माज्यामुलं पलाली का?"

"हो."

"मग आधी सांगायचा ना!" हेही नुसत्या ओठांनीच, पण हात असे उडवले की फुलांवर बसलेली माशी उडाली.

त्यानंतर त्या जंगलात आमच्याइतकी शांत माणसं कुणी आणली नसतील. हेमराज कौतुकाने बघत राही. रात्रीपर्यंत तोही "थांब", "बघ" आणि "चहा" एवढं हातांनी बोलायला शिकला.

रोल्याला नदीकाठी वनखात्याची झोपडी आहे. तिथे आमच्या हातून एक खास आगरी गाढवपणा झाला. प्रवासाला निघायचं आणि सुकी मासळी न्यायची नाही, हे आमच्या रक्तात बसत नाही. मी तांदळाचं पीठ, सोडे आणि बोंबील घेतले होते. चुलीवर भाकऱ्या टाकल्या आणि निखाऱ्यावर बोंबील भाजले. हेमराज लाकडं आणायला गेला होता. परत आला तो दारातच नाक धरून थांबला, आणि काठी घेऊन झोपडीच्या फळ्यांखाली शोधायला लागला. त्याला वाटलं, खाली काहीतरी मरून पडलंय. खरा प्रकार कळल्यावर त्याने भाकरी आनंदाने खाल्ली, बुरांशाच्या लाल फुलांच्या चटणीशी तीन खाल्ल्या. बोंबलाला मात्र त्याने लांबूनच नमस्कार केला, आणि मासळीची पिशवी आत ठेवू देईना, म्हणून मी ती पडवीत टांगली.

सकाळी दार उघडलं तर पडवीतल्या खुंटीला मुंगसाहून मोठं, झुपकेदार शेपटीचं एक जनावर लोंबकळत होतं, गळ्याशी हळद लावल्यासारखं पिवळं. आमच्याकडे बघत बघत त्याने पिशवी ओढून काढली आणि ती तोंडात धरून झाडावर पसार झालं. "अस्वल आलं असतं तर?" म्हणून हेमराजने मला चांगलंच फैलावर घेतलं, आणि त्याचं बरोबरच होतं. हे मात्र पोट धरून हसत होते. ओठांनी म्हणाले, "आगरी हाय त्यो! आपल्यातलाच हाय."

शिल्ट

रोल्याहून शिल्टपर्यंत नुसता उभा चढ. तरुण पोरं तो अर्ध्या दिवसात चढतात म्हणे. आम्ही सकाळी निघालो ते दिवस कलताना पोचलो, आणि मध्ये किती वेळा बसलो ते विचारू नका. मी दर वळणाला ठरवायची की आता इथेच राहायचं, जे काय व्हायचं ते होऊ दे. हे कमरेवर हात ठेवून वर उभे, आणि हाताने खूण करत, ये ये ये.

वर मात्र जग बदलतं. काळपट हिरव्या उंच झाडांवरून दाढीसारखं शेवाळ लोंबतं, खाली रिंगाळाचं बारीक बांबूचं रान, आणि सावलीच्या घळीत मळकट बर्फ अजून शिल्लक. बर्फाला हात लावून हे म्हणाले, आपल्या मच्छीमार्केटातला याहून बरा असतो. झाडी संपते तिथे गवताचा उतार, आणि समोर पांढरी शिखरं. तिथे बसून घाम पुसत होतो, तेवढ्यात आमच्या पायांजवळूनच मोनाल उठला. कोंबड्याएवढा पक्षी, पण पाठीवर निळा, जांभळा, तांब्याचा, हिरवा असे रंग, आणि तो दरीत झेपावला तेव्हा उन्हात ते सगळे एकदम पेटले. पूर्वी इथले पुरुष त्याचा तुरा टोपीत खोवत, आता बंदी आहे. हेमराज म्हणाला, उडताना हा मोठी शीळ घालतो. मी ऐकली. यांच्याकडे बघितलं. हे डोळे विस्फारून दरीत बघत होते.

"शीळ मारली का त्यानं?" त्यांनी ओठांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"असू दे," म्हणाले. "ती बारीक असल. मना जाडा पायजे." आणि मोनाल गेला तिकडे अजून बघत राहिले. खरं सांगते, इतका सुखी चेहरा मी त्यांचा पोरींच्या लग्नानंतर बघितला नव्हता.

शिल्टच्या झोपडीत एक राखणदार होता. त्याने सांगितलं, गेले काही दिवस खालच्या रिंगाळातून जुजुराणा पहाटे बोलतोय. आम्ही अंधारातच उठून बसलो. पण ढग उतरले, दोन हातांवरचं दिसेना, मग पाऊस. पक्षी बोलला नाही. उजाडून गेलं तरी हे कानामागे तळहात धरून पायरीवर बसलेले. शेवटी माझ्याकडे वळले. डोळ्यांत असं काही होतं, की मला ते बघवेना.

"खरा सांग. तो बोलला न्हाय, का मना आयकू आला न्हाय?"

"नाही बोलला. तुमची शपथ."

त्यांनी हेमराजकडे बघितलं. हेमराजनेही मान हलवली. तेव्हा कुठे यांचा जीव भांड्यात पडला. दिवसभर पाऊस, ओली लाकडं, धूर, आणि डाळ काही केल्या शिजेना. हे राखणदाराशी हातवाऱ्यांनी पत्ते खेळले आणि तीनदा जिंकले. मी चुलीपाशी बसून एकच विचार करत होते. उद्याची पहाट शेवटची. आमची परवानगी तेवढीच होती, आणि उद्या खाली उतरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी आकाश धुऊन निघालेलं. हेमराजने आम्हाला झोपडीपासून थोडं खाली नेलं, एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी बसवलं. समोर रिंगाळाचा उतार, त्याच्या खाली दरी. चांदण्या विझत होत्या, एकमेकांचे चेहरे दिसण्याइतपत उजाडलं होतं. थंडीने माझे दात वाजत होते आणि ते वाजलेलंही ऐकू जाईल म्हणून मी शाल तोंडात धरली होती. हे माझ्या शेजारी, तळहात कानामागे, नजर त्या काळोख्या झाडीत. हेमराज आमच्या मागे उभा.

आणि तो बोलला.

"व्वाऽऽऽ."

लांब कुठेतरी बांधून ठेवलेल्या बकरीसारखा. नाही, हट्टी पोराने आईच्या नावाने काढलेल्या सुरासारखा. घोगरा, मोठा, समोरच्या डोंगरावर जाऊन परत आलेला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी यांच्याकडे वळले.

ते तसेच बसलेले. तळहात कानामागे. नजर झाडीत. चेहऱ्यावर अजून वाट बघणं.

पुन्हा आवाज आला, आणखी जवळून. एवढा मोठा, की मला वाटलं, आता तरी! एवढा तरी! पण यांची पापणीही हलली नाही. मला रडू फुटायला लागलं. देवाचा इतका राग आला, की त्या जोगणीलाही मी मनात चार शब्द सुनावले. आणि त्या दोन क्षणांत मी ठरवून टाकलं. विचारलं, तर नाही म्हणायचं. कालसारखाच आजही तो बोलला नाही. राहू दे दोष पक्ष्याकडे, यांच्या कानांकडे नको. मी डोळे पुसले, चेहरा सरळ केला.

हे वळले. ओठ हलले, "बोलला?"

मी मान हलवली. "अजून न्हाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्याच वेळी उतारावरून तिसऱ्यांदा हाक आली. मी हललेही नाही, शपथेवर सांगते. पण यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"कवापासून बोलतोय?"

"न्हाय ओ, खरंच न्हाय..."

"खोटा बोलू नको. तुजा तोंड बघ. आपली थोरली पयल्यांदा रडली तवा असाच तोंड झालेला तुजा."

मी नुसतं दोन बोटांनी दाखवलं, दोनदा. मग तिसरं बोट. त्यांनी कानामागचा हात खाली घेतला. मला वाटलं, आता हा माणूस मोडणार. पण ते उठले, माझ्यासमोर आले, आणि ज्या रानासाठी आम्ही एवढे डोंगर चढून आलो त्या रानाकडे पाठ करून मांडी घालून बसले. माझ्या अगदी तोंडासमोर.

"तू आयक," म्हणाले. "मी बघतो."

मी ऐकायला लागले. आणि काय सांगू, इतक्या वर्षांत मी असं काही ऐकलंच नव्हतं. पुढच्या माणसाला काय सांगायचं, किती मोठ्याने सांगायचं, हे मनात न ठेवता नुसतं ऐकायचं. पक्षी ओरडायचा आणि हे माझ्याकडे बघत एक बोट वर करायचे. खालून दुसऱ्या नराने उत्तर दिलं, तेव्हाही बोट वर आलं, फक्त जरा वाकडं, की हा कुणी वेगळा आहे का? मी मान डोलावली. एकदाही बोट लवकर आलं नाही, एकदाही राहून गेलं नाही. मध्ये एकदा पक्षी बराच वेळ गप्प बसला, तर हेही हात मांडीवर ठेवून, माझ्याकडे बघत, स्वस्थ. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसत नव्हते, कारण हात मध्ये आला असता तर यांना दिसलं नसतं.

शिखरांवर ऊन आलं आणि हाका थांबल्या. मग हेमराज पुढे आला, टोपी हातात घेऊन यांच्यासमोर उकिडवा बसला. वाचता यावेत म्हणून ओठ मोठे मोठे हलवत त्याने विचारलं, "बाबूजी, सुना?"

यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्या सकाळी पहिल्यांदाच गळ्यातून बोलले, आपल्या भिवंडीच्या खणखणीत आवाजात. "सुना ना भाय! घर में एक जन ने सुना, तो सबने सुना."

हेमराजने त्यांना गप्प केलं नाही. त्याने हाताने चहाची खूण केली, आणि आम्ही तिघं झोपडीकडे निघालो.